दाढ दुखते, पण कोणती?

आमच्या ओळखीच्या एका शिक्षिकाबाईंची ही गोष्ट. वार्षिक परीक्षेच्या दिवसांत त्यांची उजवीकडची खालची दाढ ठणकू लागली. लवंगेचे तेल लावून झाले, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्याही झाल्या. रात्री डोळ्याला डोळा नाही आणि सकाळी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर. शेवटी वैतागून त्या दवाखान्यात गेल्या आणि खुर्चीत बसताबसताच म्हणाल्या, "डॉक्टर, बाकी काही नको, ही दाढ तेवढी काढून टाका." दाढेवर एक काळा ठिपका दिसत होता. बाहेर रांग होती. दाढ काढली गेली.

त्या रात्री ठणका तसाच राहिला. जखम भरायला वेळ लागत असेल म्हणून बाईंनी आठ दिवस वाट पाहिली. मग दुसऱ्या एका दंतवैद्यांनी अर्धा तास देऊन तपासले, तेव्हा कुठे दोष सापडला. तो वरच्या जबड्यात होता. पूर्वी सिमेंट भरलेल्या एका दाढेत, त्या सिमेंटच्या खाली, कीड वाढत गेली होती. त्या दाढेवर उपचार झाले आणि दोन दिवसांत कळ थांबली. खालची दाढ मात्र गेली ती गेलीच.

इथे कोणी लबाडी केली नव्हती. बाई खोटे बोलत नव्हत्या. त्यांना खरोखरच खाली दुखत होते. डॉक्टरांनीही रुग्णाने सांगितले तेच केले. चूक झाली ती एवढीच, की 'कुठे दुखते?' आणि 'का दुखते?' हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत हे कोणाच्या लक्षात आले नाही. पहिल्याचे उत्तर रुग्ण देऊ शकतो. दुसऱ्याचे उत्तर शोधावे लागते. त्या शोधालाच निदान म्हणतात.

दुखते तिथेच दोष असतो का?

दाताची रचना आपण शाळेत शिकवतो. सर्वांत वर एनॅमलचे कवच. त्याच्या वजनाचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो आणि त्यात मज्जातंतू नसतात. म्हणूनच कीड एनॅमलमध्ये असेपर्यंत काहीच दुखत नाही. 'दुखत नाही म्हणजे दात चांगला' हा आपला हिशेब इथेच चुकतो.

एनॅमलच्या आत डेंटिनचा थर असतो. त्यात अतिशय बारीक नळ्या असतात आणि त्या द्रवाने भरलेल्या असतात. कवच झिजले किंवा फुटले, की गार पाण्याने हा द्रव नळीत किंचित हलतो आणि आतल्या मज्जातंतूंची टोके चाळवली जातात. स्वीडनमधील मार्टिन ब्रेनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात प्रयोगांनी पुढे आणलेले हे स्पष्टीकरण आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. सगळ्यांत आत असतो पल्प, म्हणजे दाताचा गर. त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. बोलताना आपण यालाच 'दाताची नस' म्हणतो.

पल्पमधले मज्जातंतू मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एका प्रकारचे तंतू झटकन येणारी, सुई टोचल्यासारखी कळ मेंदूला कळवतात. दुसऱ्या प्रकारचे तंतू सावकाश, ठणकणारी, पसरत जाणारी वेदना कळवतात. पण वेदना नेमकी कोणत्या दातातून येते, हे सांगण्याच्या बाबतीत पल्प फार कच्चा आहे. ते काम करते दाताच्या मुळाभोवतीचे, दाताला हाडात धरून ठेवणारे धाग्यांचे आवरण. हे आवरण किती संवेदनशील असते ते पाहायचे तर तिळाचा एक दाणा मागच्या दातांत धरून हलकेच चावून पाहा. डोळे मिटूनही तो कोणत्या दातांत आहे हे आपण सांगू शकतो. म्हणून सूज मुळाच्या टोकापाशी पोचून या आवरणाला लागली, की रुग्ण एका बोटाने दात दाखवतो. त्याआधी मात्र तो सगळा पंजा गालावर ठेवून 'इकडे कुठेतरी' असे म्हणतो. रुग्ण बोट दाखवतो की पंजा ठेवतो, हीसुद्धा निदानाची एक खूणच आहे.

आता वरच्या दाढेचे दुखणे खाली कसे जाणवते? वरच्या आणि खालच्या दोन्ही जबड्यांच्या संवेदना एकाच त्रिशाखी मज्जातंतूच्या दोन शाखांमधून मेंदूकडे जातात. तिथे पोचल्यावर अनेक तंतू पुढच्या एकाच चेतापेशीला येऊन मिळतात. जुन्या वाड्यात चार बिऱ्हाडांना मिळून दाराशी एकच घंटा असावी, तसे हे आहे. घंटा वाजते हे नक्की. पण पाहुणे कोणाकडे आले आहेत हे घंटेच्या आवाजावरून कळत नाही. त्यामुळे वरच्या दाढेचे दुखणे खाली, खालच्याचे वर आणि खालच्या दाढेचे कानात जाणवू शकते. एक मात्र आहे : दाताचे असे दुखणे सहसा चेहऱ्याची मधली रेषा ओलांडून दुसऱ्या बाजूला जात नाही. उजवीकडे दुखत असेल तर शोध उजवीकडेच सुरू करायचा.

दात निर्दोष असला तर?

कधी कधी चारही बिऱ्हाडांत पाहुणा नसतो. तो शेजारच्या वाड्यात आलेला असतो. गालाच्या हाडात नाकाला जोडलेली एक पोकळी असते. तिचा तळ वरच्या दाढांच्या मुळांना अगदी लागून असतो. सर्दीनंतर ही पोकळी सुजली, की वरच्या तीन-चार दाढा एकदम दुखू लागतात आणि खाली वाकले की दुखणे वाढते. इथे दाढ काढून काहीच साधत नाही.

दुसरे उदाहरण अधिक क्लेशकारक आहे. त्रिशाखी मज्जातंतूच्याच एका विकारात चेहऱ्याच्या एका बाजूला विजेचा झटका बसावा तशा, काही सेकंद टिकणाऱ्या कळा येतात. दात घासताना, तोंड धुताना, वाऱ्याची झुळूक लागली तरी त्या सुरू होतात. रुग्णाला वाटते, दातच दुखतो आहे. १६७७ साली पॅरिसमध्ये इंग्लंडच्या राजदूताच्या पत्नीला अशा कळा येत होत्या. तिला तपासायला गेले जॉन लॉक. ते आपल्याला तत्त्वज्ञ म्हणून माहीत आहेत, पण ते वैद्यही होते. त्यांनी आपल्या पत्रांत या कळांचे बारकाईने वर्णन केले आहे. दात काढूनही त्या बाईंना आराम पडला नव्हता. पुढे तीनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी या विकाराचे निदान होण्याआधी एकामागून एक निरोगी दात काढून बसलेले रुग्ण अजूनही भेटतात. त्यावर मुळात अपस्मारासाठी वापरले जाणारे कार्बामाझेपिन हे औषध बहुधा गुण देते.

आणि एक गंभीर शक्यता. जिना चढताना, चालताना खालचा जबडा दुखतो आणि थांबले की कमी होतो, असे कोणी सांगितले तर दातांच्या नव्हे, हृदयाच्या डॉक्टरांकडे जायला हवे. हृदयाला रक्त कमी पडत असल्याची ती खूण असू शकते.

चांगली तपासणी म्हणजे काय?

विज्ञानाच्या तासाला आपण निरीक्षण, तर्क, प्रयोग आणि निष्कर्ष अशा पायऱ्या सांगतो. दंतवैद्याची तपासणी नेमकी याच पायऱ्यांनी जाते.

पहिली पायरी ऐकण्याची. दुखणे कधी सुरू झाले? आपोआप होते की काही खाल्ल्यावर? गाराने वाढते की गरमाने? किती वेळ टिकते? झोपमोड होते का? त्याबरोबर रुग्णाच्या बाकीच्या प्रकृतीची चौकशीही हवी. मधुमेह आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हृदयाची झडप बदलली आहे का, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे का, गरोदरपण आहे का? हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिल्या जाणाऱ्या काही औषधांमुळे दात काढल्यावर जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका असतो, हे २००३ सालापासून लक्षात आले आहे. 'दाताचा आणि त्याचा काय संबंध?' असे म्हणून या गोष्टी लपवू नयेत. आधी वेदनाशामक गोळी घेतली असेल तर तेही सांगावे, कारण तिने खुणा पुसट होतात.

दुसरी पायरी पाहण्याची. केवळ दुखरा दात नव्हे, तर हिरड्या, जीभ, गालाची आतली बाजू, टाळू हे सारे. दाताच्या आणि हिरडीच्या मधल्या फटीत मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई घालून खोली मोजतात. साधारणतः ती १ ते ३ मिलिमीटर असते; त्याहून जास्त भरली तर दाताचा आधारच ढिला होत चालला आहे असा संशय घ्यावा लागतो.

तिसरी पायरी प्रयोगाची. दातावर आरशाच्या दांड्याने हलकेच ठोकून पाहतात, विशिष्ट तुकडा चावायला देतात, दाताला गार वस्तू लावतात. यातली गंमत अशी, की चांगला दंतवैद्य ही गार वस्तू आधी शेजारच्या निरोगी दाताला लावतो आणि मग संशयिताला. का? कारण प्रत्येक माणसाची सहनशक्ती निराळी. या माणसाच्या चांगल्या दाताला गार किती लागते, हे कळल्याशिवाय दुखऱ्या दाताच्या उत्तराला अर्थ नाही. प्रयोगात तुलनेसाठी एक नमुना तसाच ठेवावा, असे आपण मुलांना सांगतो. त्याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला सुचत नाही.

उत्तरे साधारण चार प्रकारची येतात. गार लागते आणि वस्तू काढली की क्षणात विरते, तेव्हा पल्प ठीक असतो. झणकन कळ येते पण वस्तू काढताच जाते, तेव्हा पल्प चिडलेला असतो पण सावरण्याजोगा. कीड काढून सिमेंट भरले की पुष्कळदा भागते. कळ येते आणि बराच वेळ ठाण मांडून बसते, तेव्हा पल्प सावरण्यापलीकडे गेला असण्याचा संभव असतो आणि बहुधा रूट कॅनाल करावे लागते. आणि काहीच जाणवत नाही, तेव्हा पल्प बहुधा मेलेला असतो. म्हणजे तक्रार एकच, 'दाढ दुखते', पण उपचार निरनिराळे. दुखणारी दाढ एक दिवस अचानक दुखायची थांबली म्हणून आपण खूश होतो. ती बरी झालेली नसून तिचा पल्प मेलेला असू शकतो, आणि जंतू मुळाच्या टोकाकडे निघालेले असतात.

अर्थात ही चाचणीही फसवते. दाढेला दोन-तीन मुळे असतात. एकातला पल्प मेला आणि दुसऱ्यातला जिवंत असला तर उत्तर गोंधळाचे येते. म्हातारपणी पल्प आक्रसतो, म्हणून निरोगी दातही गप्प राहतो. यासाठी एकाच चाचणीवर निकाल द्यायचा नसतो. दोन-तीन स्वतंत्र पुरावे एकाच दाताकडे बोट दाखवू लागले, तरच उपचाराला हात घालायचा.

क्ष-किरणांची साक्ष

राँटगेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि लगेच जानेवारी १८९६ मध्ये जर्मनीतील ऑटो वाल्कहॉफ या दंतवैद्यांनी स्वतःच्या दाढांचे चित्र घेतले. त्यासाठी त्यांना २५ मिनिटे स्थिर राहावे लागले. आज हे काम सेकंदाच्या अंशात होते. दाताच्या एका छोट्या चित्रासाठी मिळणारी मात्रा काही मायक्रोसिव्हर्ट एवढीच असते. माती, हवा आणि आकाशातून येणाऱ्या किरणांमुळे जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला सुमारे साडेसहा मायक्रोसिव्हर्ट मिळतातच. तेव्हा गरज असताना 'फोटो नको' म्हणून घाबरण्याचे कारण नाही. तसेच कारण नसताना काढण्याचेही नाही.

मात्र क्ष-किरण चित्र म्हणजे सावली आहे हे विसरू नये. लांबी, रुंदी आणि खोली असलेली वस्तू त्यात सपाट होते. दोन मुळे एकामागे एक असली तर एकच दिसते. दातातली बारीक चीर बहुधा दिसतच नाही. मुळाशी सूज आली तरी तिथल्या हाडातील खनिजांचा मोठा भाग नाहीसा होईपर्यंत चित्रात डाग उमटत नाही. म्हणजे चित्र स्वच्छ आणि दात मात्र आजारी, असे होऊ शकते. म्हणून 'फोटोत काही नाही' हा निकाल नव्हे. तो एका साक्षीदाराचा जबाब आहे.

निदानाशिवाय उपचार : एक कडू धडा

विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९१० साली माँट्रियलमधल्या मॅक्‌गिल विद्यापीठात एक व्याख्यान दिले. तोंडात लपलेले जंतू शरीरात इतरत्र रोग उत्पन्न करतात, असे त्यांचे म्हणणे होते. या कल्पनेने पाहता पाहता जोर धरला. सांधे दुखतात? दात काढा. थकवा येतो? दात काढा. अमेरिकेत न्यू जर्सीतील ट्रेन्टन येथील मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी तर वेड हेही लपलेल्या जंतूंमुळेच लागते असे मानून रुग्णांचे दात आणि टॉन्सिल्स काढले. तेवढ्याने गुण येईना तेव्हा मोठ्या आतड्याचे भागही काढले. त्या शस्त्रक्रियांत अनेक रुग्ण दगावले.

या लाटेला ओहोटी लागली ती मोजमाप सुरू झाल्यावर. १९३८ साली सेसिल आणि अँजेव्हाइन यांनी सांधेदुखीच्या २०० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. दात किंवा टॉन्सिल्स काढून सांधे बरे होतात याला तिच्यात आधार मिळाला नाही. आज आपल्याला माहीत आहे, की तोंड आणि शरीर यांचा संबंध आहेच. मधुमेहाने हिरड्यांचा रोग बळावतो आणि हिरड्यांच्या रोगाने मधुमेह आवरणे अवघड होते. तेव्हा चूक संबंधाची कल्पना सुचण्यात नव्हती. या रुग्णाच्या बाबतीत, या दातात दोष आहे का, हे न तपासता पक्कड हाती घेण्यात होती.

शाळेत आपण काय करू शकतो?

निदान करणे हे शिक्षकांचे काम नव्हे. पण मुलांना रोज पाहणारे आपणच असतो. तीन गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत.

पहिली, सहाव्या वर्षीची दाढ. सुमारे सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कोणताही दात पडत नाही, त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ती किडली तर 'पडणारच आहे' म्हणून दुर्लक्ष होते किंवा ती काढली जाते. ती पुन्हा येत नाही. ओळखायची रीत सोपी आहे : समोरच्या दोन दातांमधल्या रेषेपासून एका बाजूला मोजत जा. पाचपर्यंतचे दात दुधाचे असतात, सहावी दाढ कायमची. पहिली-दुसरीच्या वर्गात मुले आरशात पाहून हे आनंदाने मोजतात.

दुसरी, दातांवरचे डाग. पांढरट किंवा तपकिरी डाग म्हणजे कीडच, असे नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. लिटरला १.५ मिलिग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. दात घडत असताना असे पाणी पोटात गेले तर डाग पडतात. ते साधारणपणे दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखे असतात. कीड मात्र अन्न साठते तिथे, एखाद्या दातावर सुरू होते. एकाच वस्तीतल्या पुष्कळ मुलांचे दात तसे दिसले तर ब्रश न करण्याबद्दल त्यांना रागावू नका. हापशाचे पाणी तपासायला पाठवा. इथे निदान करायचे ते पाण्याचे.

तिसरी गोष्ट मोठ्या मुलांची. सुपारी, गुटखा खाणाऱ्यांच्या गालाची आतली त्वचा ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. आपली तीन बोटे एकावर एक अशी उभी धरून तोंडात जात नसतील, किंवा तोंडातला फोड दोन आठवड्यांत भरत नसेल, तर मलम लावत बसू नये. कर्करोगाची शक्यता तपासून घ्यावी. तंबाखू खाणाऱ्या माणसाचा एखादा दात अकारण हलू लागला, तर तो काढण्याआधी भोवतालची जागा तपासणे फार महत्त्वाचे.

'कीड' हा शब्दही एकदा वर्गात चर्चेला घ्यावा. दातात खरोखरच किडा असतो ही समजूत हजारो वर्षांची आहे. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन 'किडे' पाडून दाखवणारे लोक आपल्याकडेही होते. फ्रान्समधील पियर फोशार यांनी १७२८ सालच्या आपल्या ग्रंथात ही समजूत मानायला नकार दिला, आणि १८९० साली मिलर यांनी दाखवले, की तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवते. किडा असता तर तो काढला की काम संपले असते. आम्ल असल्यामुळे कारण रोजच्या खाण्यात शोधावे लागते. कारण बदलले की उपचारही बदलतो.

पुढच्या वेळी दवाखान्यात गेल्यावर 'हा काढून टाका' असे म्हणण्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. दोष नेमका कोणत्या दातात आहे? ते कशावरून ठरवले? आणि याला दुसरा कोणता उपचार आहे? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. आमच्या शिक्षिकाबाई आता हेच करतात. उदाहरण पुरते न वाचता उत्तर लिहिणाऱ्या मुलांना त्या आपली रिकामी जागा दाखवतात आणि म्हणतात, "हे बघा, घाईने सोडवलेले उदाहरण."